कुलूप, किल्ली आणि मूळ संख्या

अमेरिकेतील ल्यूक ड्युरंट यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या शोधली. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात करून त्यातून १ वजा केला की ती मिळते. तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत. सेकंदाला एक अंक या वेगाने रात्रंदिवस वाचत बसले, तरी सव्वा वर्ष पुरणार नाही.

‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न बँकेत आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला आधी सुचतो. या विक्रमी संख्येचा व्यवहारात तूर्त उपयोग नाही. परंतु तिच्या तीनेकशे अंकांच्या धाकट्या बहिणी आपल्या पैशांवर पहारा देत असतात.

आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत. एक मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशिअरकडे. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ साली शोधलेल्या ‘आरएसए’ पद्धतीतही दोन मोठ्या मूळ संख्या असतात. त्यांचा गुणाकार जगजाहीर असतो, त्या दोघी मात्र गुप्त. गुणाकार करणे क्षणाचे काम. गुणाकारावरून त्या दोघींना हुडकणे महाकठीण.

किती कठीण? फ्रान्सच्या मर्सेन यांनी १६४४ साली २ चा ६७ वा घात वजा १ ही २१ अंकी संख्या मूळ म्हणून नोंदवली होती. ती मूळ नाही, हे ल्युका यांनी १८७६ मध्ये सिद्ध केले. पण तिचे अवयव त्यांना सापडले नाहीत. ते १९०३ साली अमेरिकेच्या फ्रँक कोल यांनी दिले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. किती वेळ लागला असे विचारता ‘तीन वर्षांचे रविवार’ असे ते म्हणाले, असा किस्सा सांगतात.

म्हणजे संख्या मूळ आहे की नाही हे ओळखणे वेगळे आणि तिचे अवयव काढणे वेगळे. आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये पहिल्या प्रश्नाला खात्रीची आणि, गणिताच्या भाषेत, कार्यक्षम रीत दिली. साऱ्या जगाने तिचे कौतुक केले. तरीही कुलपे शाबूत राहिली, कारण दुसरा प्रश्न तसाच उरला.

खरी मेख इथेच आहे. अवयव काढणे कठीणच आहे, हे आजवर कोणी सिद्ध केलेले नाही. सोपी रीत कोणाला सापडलेली नाही, एवढेच आपले तारण! शिवाय क्वांटम संगणक हे काम झपाट्याने करू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवून दिले. तेवढा समर्थ संगणक अजून तयार झालेला नाही. तरीही अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांवर न विसंबणाऱ्या नव्या कुलपांची मानके जाहीर केली.

नव्या कुलपांचा खर्च मोठा, काम किचकट. म्हणून ते पुढे ढकलण्याचा मोह होणारच. पण आज चोरून साठवलेली गुपिते उद्याचा संगणक उघडू शकेल. तिजोरीचे कुलूप फुटण्याआधीच बदलावे लागते. आपल्या बँकेने ते काम हाती घेतले आहे काय, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक खातेदाराला आहे.