उंचीवरील श्रम आणि वेळेचे मोल

श्रमिकाने गाळलेल्या घामाचा हिशेब अर्थव्यवहारात ठेवला जातो. शरीरासाठी त्याला थांबावे लागले, तर तो काळ मात्र 'वाया गेला' असे मानण्याची रीत आहे. ही रीत जिवावर कशी बेतते, याचे प्रत्यंतर अतिउंचीवरील कामात येते.

हवेतील नत्रवायू शरीरात विरघळलेला असतो. बाहेरचा दाब झपाट्याने उतरला की, सोडावॉटरची बाटली उघडावी तसे, त्याचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, मज्जारज्जूला वा मेंदूला इजा झाल्यास माणूस पंगूही होतो. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया नदीतळाशी, दाबाखालील हवेत खणताना अनेक मजुरांना ही व्याधी जडली. १८७२ मध्ये मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंगही तिने अधू झाला. दाब एकदम निम्म्यावर आला तरी शरीर सोसते, त्यापलीकडे टप्प्याटप्प्यानेच जावे, असे सूत्र ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये मांडले. समुद्रसपाटीवरील दाब सुमारे १८,००० फुटांवर निम्मा होतो आणि वैमानिकांच्या बाबतीत धोक्याची रेषाही साधारणतः तेथेच मानली जाते.

श्रमाचा प्रश्न येथे उपस्थित होतो. अशा उंचीवर स्नायू राबू लागले की बुडबुडे वाढतात. स्वस्थ बसलेल्याला जी उंची सोसते, ती राबणाऱ्याला सोसेलच असे नाही. उलट, दाब उतरण्यापूर्वी शुद्ध प्राणवायू घेत व्यायाम केल्यास रक्ताभिसरण वाढून नत्रवायू लवकर बाहेर पडतो. अंतराळपोशाखातील दाब सुमारे ३०,००० फुटांवरील हवेइतकाच असल्याने, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून बाहेर पडणाऱ्या अंतराळवीरांनी जुलै २००१ मध्ये ही पद्धत प्रथम अवलंबिली. म्हणजे श्रम तेच. ते केव्हा करावयाचे, यावर हित-अहित अवलंबून.

अमेरिकेच्या यू-२ टेहळणी विमानाचे वैमानिक उड्डाणापूर्वी तासभर प्राणवायू घेत बसतात. तरीही सुमारे २९,००० फुटांवरील दाबाच्या कक्षात तासन्‌तास काढणाऱ्या या वैमानिकांच्या मेंदूतील श्वेतद्रव्यात इतरांपेक्षा अधिक विकृती असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्याच सुमारास विमानांत फेरफार करून कक्षातील दाब १५,००० फुटांच्या पातळीवर आणण्यात आला. खर्च टळला नाही. तो माणसांची हानी झाल्यावर करावा लागला.

लडाखच्या रस्त्यांवर राबणाऱ्यांना होणारा विकार निराळा आहे. तो बुडबुड्यांनी नव्हे, प्राणवायूच्या तुटवड्याने होतो. परंतु तेथेही घाईचे श्रम घातक आणि पुरेसा वेळ हाच खरा प्रतिबंध. १५,००० फुटांपलीकडे जाणाऱ्या जवानाला भारतीय सेना तीन टप्प्यांत मिळून १४ दिवस सरावासाठी देते, आणि या काळात त्याचे वेतन थांबत नाही. हाच न्याय कंत्राटी मजुराला का नसावा? रोजंदारीवर पोट असलेला माणूस बिनपगारी विश्रांती घेईल, ही अपेक्षाच अव्यवहार्य होय. अशा स्थितीत विश्रांतीचा नियम कागदावरच राहणार.

म्हणूनच उंचीवरील प्रत्येक कामाच्या अंदाजपत्रकात खडी-डांबराप्रमाणेच सरावाच्या दिवसांची मजुरी हे स्वतंत्र कलम असले पाहिजे. तो खर्च कंत्राटाच्या हिशेबात धरला नाही, तर तो मजुराच्या शरीरातून वसूल होतो.