दुखणं मनाचं, औषध बोलण्याचं

नव्या रायपुरात संध्याकाळ जरा लवकरच होते. सूर्य मावळतो वेळेवरच. पण महानदी भवन आणि इंद्रावती भवनातली कर्मचारी मंडळी बस पकडून जुन्या रायपूरकडे निघाली, की रुंद रस्ते आणि आखीव सेक्टर एकदम ओस वाटायला लागतात. छत्तीसगढचं मंत्रालय 2012 मध्ये इथे आलं. शहराचं नाव आधी होतं 'नया रायपूर', आता छत्तीसगढी वळणाचं 'नवा रायपूर'. रस्ते नवे, इमारती नव्या, शाळा-कॉलेजं नवी. शेजार मात्र अजून जुना व्हायचाय!

आणि शेजार जुना नसला, की माणसाचं काय होतं?

समजा, अशाच एका सेक्टरमधला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. नवऱ्याची बदली झाली म्हणून नागपूर सोडून आलेलं मराठी कुटुंब. तिने तिथली शाळेतली नोकरी सोडली. नवरा सकाळी नऊला बाहेर, मुलगा शाळेत. जुन्या रायपुरात चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ आहे, गणपतीत तिथे जाऊन येणं होतं. पण वीसेक किलोमीटर रोज कोण जाणार? पहिले दोन महिने घर लावण्यात गेले. मग पहाटे तीनला जाग येऊ लागली. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या. आपल्याला हार्टचं काही झालंय, या धास्तीने डॉक्टरकडे धाव. ईसीजी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, हिमोग्लोबिनही ठीक. डॉक्टर म्हणाले, "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, मन रमव कशात तरी." नवरा म्हणाला, "तुला इथे कमी काय आहे?"

तिघांचाही हेतू चांगलाच. पण त्या बाईच्या हाती काय लागलं? दुखणं आहे ते आहेच. वर 'आपलंच काहीतरी चुकतंय' ही टोचणी!

एकटीची गोष्ट नव्हे

ही बाई काल्पनिक आहे. तिचा त्रास मात्र अगदी खरा. बेंगळुरूच्या निमहान्स या संस्थेने 2015-16 मध्ये देशातल्या बारा राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. त्या बारांत छत्तीसगढही होतं. पाहणीच्या वेळी शंभरातल्या जवळपास अकरा प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचं आढळलं. त्याहून गंभीर बाब अशी, की विकारागणिक आकडा बदलला, तरी बहुतेक विकारांत शंभरातल्या सत्तर ते नव्वद रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते.

यातले बहुसंख्य लोक म्हणजे आपल्या मनात 'वेड' या शब्दाबरोबर जे चित्र उभं राहतं, तसे नव्हेत. उदासी, चिंता, अकारण भीती, झोप उडणं, दारूचं वाढलेलं प्रमाण अशी ही दुखणी असतात. माणूस ऑफिसात जातो, डबा भरतो, लग्नाला हजेरीही लावतो. फक्त आतून पोखरला जात असतो. म्हणूनच ते घरच्यांच्या लक्षात येत नाही.

सल्ला नव्हे, सोबत

अशा दुखण्यावरचा एक चांगला उपाय म्हणजे समुपदेशन, आपल्या बोलीत 'कौन्सेलिंग'. पण त्याबद्दल आपल्याकडे एक गंमतीदार समजूत आहे. समुपदेशक म्हणजे फी घेऊन उपदेश करणारा माणूस! "तो काय नवीन सांगणार? त्यापेक्षा मामांशी बोल."

मामांशी जरूर बोलावं. पण मामा आपल्या बाजूचे असतात किंवा समोरच्याच्या. ते ऐकता ऐकता निवाडा देतात, आणि पुढच्या लग्नात ती गोष्ट मामींच्या तोंडून आपल्याच कानी येते. समुपदेशक निवाडा देत नाही. ऐकलेलं बाहेर जाऊ देत नाही. कुणाच्या जिवाला धोका असेल, तर तेवढ्यापुरताच अपवाद; आणि हेही तो आधीच सांगून ठेवतो.

पहिल्या भेटीत बहुधा प्रश्नच असतात. त्रास कधीपासून? झोप कशी? भूक कशी? घरात कोण कोण? जगणं नकोसं वाटतं का? हा शेवटचा प्रश्न ऐकून घरचे दचकतात. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. उलट ज्याच्या मनात तो विचार घोळत असतो, त्याला कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो.

पुढच्या भेटींत खरं काम सुरू होतं. उदास माणसाचं चक्र पाहा. मन लागत नाही म्हणून तो फिरायला जाणं सोडतो. मग मैत्रिणीचा फोन घेत नाही. मग पेटी, विणकाम, वाचन, सगळं बंद. आनंद देणाऱ्या गोष्टी एकेक करून सुटल्या, की उदासी आणखी वाढते. ती वाढली, की उरलंसुरलंही सुटतं. 'आधी बरं वाटू दे, मग करीन' असं तो म्हणतो. समुपदेशक हे चक्र उलटं फिरवायला लावतो. आधी करायचं, बरं वाटणं मागून येईल. सुरुवात अगदी लहान. सकाळी दहा मिनिटं खाली चक्कर, दिवसाआड एका माणसाला फोन. काय केलं आणि त्यानंतर कसं वाटलं, ते वहीत लिहायचं. वाचायला पोरखेळ वाटतो, पण ही तपासून पाहिलेली उपचारपद्धती आहे.

चिंतेचा मार्ग थोडा वेगळा. ज्याची भीती वाटते ते आपण टाळतो. टाळलं की तात्पुरतं हायसं वाटतं आणि भीती पक्की होते. बसमध्ये धडधड झाली म्हणून बस सोडली, मग बाजार, मग घराचा उंबरठाच जड होतो. इथे पायरीपायरीने त्या भीतीला सामोरं जायला शिकवतात. धडधड वाढते, थोडा वेळ टिकते आणि आपोआप उतरते, हे शरीरालाच उमगावं लागतं.

तिसरी गोष्ट विचारांची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमाराला मांडलेली पद्धत आपल्याकडे 'विवेकनिष्ठ' या नावाने ओळखली जाते. मराठी वाचकांपर्यंत ती नेण्यात कि. मो. फडके यांचा वाटा मोठा. तिचं सार असं, की घटना आपल्याला जेवढं छळत नाही, तेवढं तिच्याबद्दलचं आपलं मत छळतं. 'बदली झाली' ही घटना. 'माझं आयुष्यच संपलं' हे मत. घटना बदलता येत नाही, मत तपासून पाहता येतं.

गोव्यात आणि अमरावतीत

"हे सगळं मुंबई-पुण्याच्या लोकांना ठीक" असं कुणी म्हणेल, तर त्याने गोव्याकडे पाहावं. 1996 मध्ये सुरू झालेल्या 'संगाथ' या संस्थेने तिथे एक धाडसी प्रश्न विचारला. देशात मानसोपचारतज्ज्ञ थोडे, रुग्ण अफाट. मग गावातल्याच साध्या माणसांना शिकवून समुपदेशक करता येईल का?

त्यासाठी त्यांनी मानसिक आरोग्याचं काहीही पूर्वशिक्षण नसलेली स्थानिक माणसं निवडली, त्यांना शिकवलं आणि सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले 495 रुग्ण या अभ्यासात होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार. बाकीच्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला सहा ते आठ भेटी, वर सांगितलं तसं 'लहान पावलांचं' समुपदेशन. तीन महिन्यांनी पाहिलं, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात शंभरातले 39 नैराश्यातून बाहेर आले होते, समुपदेशनाच्या गटात 64. 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात 2017 मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

याच मंडळींच्या आधीच्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातली एक गोष्ट मोठी बोलकी आहे. सरकारी केंद्रांत समुपदेशकामुळे स्पष्ट फरक पडला. खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत मात्र फारसा फरक दिसला नाही. ओळखीचा फॅमिली डॉक्टर मुळातच निवांत विचारपूस करत असेल, तर ते काम आधीच थोडंफार होत असणार, असं मानायला जागा आहे.

दुसरं उदाहरण विदर्भातलं. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्या घरोघरी जात. 'नैराश्य' हा शब्द न वापरता 'टेन्शन', 'विचार फार येतात', 'झोप नाही' असं लोकांच्या भाषेत बोलत. गरज असेल त्याला समुपदेशकाकडे आणि जास्त त्रास असेल त्याला डॉक्टरकडे पाठवत. प्रकल्पाआधी नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी जेमतेम चार जण मदत घेत होते. 2015 च्या पाहणीत ही संख्या 27 वर गेली. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, पाऊस पडत नाही, हे खरंच. पण कर्जाच्या विचाराने रात्रभर जागणाऱ्या माणसाला सकाळपर्यंत तग धरायला, बँकेत जाऊन बोलायला बळ लागतं. ते बळ यातून मिळतं.

कुणाकडे जायचं?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. हा एमबीबीएसनंतर पुढे शिकलेला डॉक्टर असतो, तो औषधं लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रातला तज्ज्ञ. तो चाचण्या घेतो, बोलण्यातून उपचार करतो. औषधं देत नाही. समुपदेशकही बोलण्यातूनच मदत करतो. पाटी पाहून भुलू नका. शिक्षण काय, कुठे झालं, अनुभव किती, हे विचारायला संकोच कशाला? साडी घेताना आपण रंग जाईल का, असं चारदा विचारतोच ना!

आणि समुपदेशन म्हणजे रामबाण नव्हे. भास होत असतील, माणूस दिवसेंदिवस जेवत नसेल, अतिउत्साहात पैसे उधळत असेल, मरणाच्या गोष्टी करत असेल, तर आधी सायकियाट्रिस्ट. औषध सुरू असताना समुपदेशनही चालतं. दोन्हींचं वैर नाही. चार-सहा भेटींनंतर काहीच फरक वाटत नसेल, तर तसं स्पष्ट सांगावं किंवा दुसऱ्याकडे जावं. जमणं-न जमणं इथेही असतं.

राहता राहिला खर्च आणि अंतराचा प्रश्न. रायपुरात एम्समध्ये आणि सरकारी आंबेडकर रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. तिथवर जायचीही हिंमत होत नसेल, तर केंद्र सरकारची 'टेली मानस' ही फोनसेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा नंबर फिरवायचा. सेवा मोफत, चोवीस तास, आणि आपल्या भाषेत बोलण्याची सोय आहे. कायदाही आता रुग्णाच्या बाजूने आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क ठरवला आणि विमा कंपन्यांनी शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यावा, असं बजावलं.

घरच्यांसाठी चार शब्द

• "टेन्शन घेऊ नकोस" म्हणण्यापेक्षा "कधीपासून असं वाटतंय?" असं विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा.

• "तुला कमी काय आहे?" हा प्रश्न कायमचा बाद करा. मधुमेह झालेल्याला आपण असं विचारतो का?

• पहिल्या भेटीला सोबत जा. आत मात्र त्याला किंवा तिला एकट्याने बोलू द्या. बाहेर आल्यावर "काय काय सांगितलंस?" अशी उलटतपासणी नको.

• दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातलं लक्ष उडालं असेल, तर 'आपोआप जाईल' म्हणत बसू नका.

• जीव देण्याचं बोलणं कधीही चेष्टेवारी नेऊ नका. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

आपल्या त्या फ्लॅटमधल्या बाईला नागपूर परत मिळणार नाही. धडधड एका भेटीत थांबणारही नाही. पण पहाटे तीनला जाग आली, तर 'मला काय झालंय?' याचं उत्तर तिच्यापाशी असेल, आणि सकाळी दहा मिनिटांची चक्कर मारायचीय हेही तिला ठाऊक असेल. त्या चकरेत कदाचित दुसऱ्या मजल्यावरची, रायगढहून नाहीतर दुर्गहून आलेली, तिच्यासारखीच एकटी बाई भेटेल. शेजार असाच तर जुना होत जातो.