जाळरेषा गावाच्या वेशीपर्यंत आणा

मा. वनबलप्रमुख,
महाराष्ट्र वन विभाग, वनभवन, नागपूर

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा आपल्या खात्याचा वणव्याचा हंगाम. त्याआधी जंगलात कक्षांच्या हद्दींवर, रस्त्यांच्या कडेने आग अडवणाऱ्या जाळरेषा निघतात. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती जंगल संपून गाव सुरू होते त्या पट्ट्याबद्दल. तो ना धड खात्याचा, ना ग्रामपंचायतीचा.

रामटेक-पारशिवनीकडे मार्चमध्ये जाऊन बघा. घरामागे पऱ्हाट्या-तुऱ्हाट्यांची रास, गोठ्याला लागून कुटार, धुऱ्यावर वाळलेले गवत, पलीकडे रायमुनियाची जाळी आणि मग साग. आपल्याकडचा वणवा सहसा शेंड्यांवरून धावत नाही, पाचोळ्यातून जमिनीलगत सरकतो. म्हणूनच नीट झाडून काढलेला काही मीटरचा पट्टाही त्याला बरेचदा थोपवतो. त्यासाठी एकही झाड तोडावे लागत नाही. (हे ठेकेदारांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगा.)

मात्र एकदा साफ करून भागत नाही. पानगळ चालूच असते आणि जानेवारीत काढलेली रेषा मार्चमध्ये पुन्हा पाचोळ्याखाली जाते. नेमकी तेव्हाच मोहफुले वेचायला झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. पुढे तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात. पेटवणाऱ्यावर १९२७च्या वन अधिनियमाखाली गुन्हा नोंदवता येतो, पण मोहाखाली अंथरायला जाळी दिली तर आगीचे कारणच उरत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर फांद्यांची छाटणी आणि आगी नकोत म्हणून तेंदूची तोडणीच थांबवली, हातची कमाई सोडून. परिपत्रक काढून असे निर्णय होत नसतात.

तेव्हा वेशीवरचा हा पट्टा ग्रामसभेच्या हाती द्या. हंगामाआधी एकदा आणि मोह गळू लागण्याच्या तोंडावर पुन्हा, अशी दोनदा झाडणी ठरवा. रायमुनिया मुळासकट उपटायला लावा, नुसती छाटली तर पावसात दुप्पट फुटते. पऱ्हाट्यांच्या राशी घरांपासून लांब रचायला ग्रामसभा सांगेल. तिचे गावात ऐकतात.

भारतीय वन सर्वेक्षणाचा उपग्रहावरून मोबाइलवर येणारा इशारा उपयोगाचा आहे, पण तो येतो आग लागल्यावर. त्यानंतर झोडपायला धावतात ते हंगामी मजूर. एप्रिल २०२१मध्ये नवेगाव-नागझिऱ्यात वणवा विझवताना त्यांच्यातले तिघे गेले. विझवण्यासाठी माणसे लावता, तशीच झाडण्यासाठीही लावा, आणि त्यांची मजुरी पावसाळ्यापर्यंत अडकवू नका.

आपला,
नागपूरचा एक नागरिक