नवख्यांसाठी कामांचा क्रम

१९१७ साली शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. त्याच कोल्हापुरात संगणकाची आज्ञावली लिहू पाहणाऱ्या कामगारांच्या मुलामुलींपुढे आज इंग्रजी मार्गदर्शिकांचा ढीग असतो. आरंभ कोठून करावा, हेच उमगत नाही. मुंबईच्या आय.आय.टी.ने ‘स्पोकन ट्युटोरियल’द्वारे लिनक्स, पायथॉन यांचे सुमारे दहा मिनिटांचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध केले, ऐकत ऐकत सोबत करून पाहावयाचे, ही त्यांची रीत. परंतु केवळ भाषांतराने भागत नाही. पुष्कळ मार्गदर्शिका प्रणालीच्या विभागांनुसार लावलेल्या असतात. नवख्याला हवा असतो कामांचा क्रम. आधी स्थापना, मग एक छोटी पण चालती आज्ञावली, नंतर चूक शोधणे. तो लावताना एखाद्या नवख्यालाच शेजारी बसवावे. जाणत्यांना आपले अडखळणे आठवत नसते. कोल्हापुरातील अभ्यासवर्गांनी हे काम अंगावर घ्यावे.