चार बोटांची कड

इंझोरीत माझं वेल्डिंगचं दुकान आहे. फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, गोठ्याचे शेड, कोणाच्या ट्रॅक्टरचा तुटलेला हूक, असं काम. त्यामुळे बसमध्ये बसलो की माझं लक्ष खिडकीबाहेर कमी आणि वर जास्त असतं. सामानाची रॅक कोणत्या पाइपची आहे, टाका कुठे सुटलाय, कापलेलं टोक घासलंय की तसंच ठेवलंय, हे बघत बसतो.

ही सवय एका चुकीतून लागली, आणि चूक माझीच होती. मानोऱ्याकडे कामावर निघालो होतो. सोबत हत्यारांची पेटी: ग्राइंडर, हातोडी, केबल, रॉडचा पुडा. दुकानातल्या काट्यावर वजन १३ किलो. बसला गर्दी. पेटी वर ठेवली तर ती रॅकच्या बाहेर चांगली तीन बोटं आली. दिसत होतं मला. पण म्हटलं, जवळच तर जायचंय. वळणावर खड्डा आला, पेटी सरकली, सीटच्या दांडीवर आपटली आणि तिथून एका बाईच्या खांद्यावर. "कोणाची होय हे पेटी?" तीन-चार जणांनी विचारलं. "माझी" म्हणायला मला जेवढा वेळ लागला, त्याची लाज अजून वाटते. आधी दांडीवर आदळली म्हणून निभावलं. अर्ध्या मीटरवरून सुटलेली वस्तू डोक्यापर्यंत येते तेव्हा तिचा वेग ताशी ११ किलोमीटर झालेला असतो. तेरा किलोला तेवढा पुरे.

चूक माझी, हे कबूल. पण चुका होणारच, असं धरूनच वस्तू बनवायची असते. मी विहिरीवर जाळी बसवतो, ती मुलं शहाणी आहेत म्हणून नव्हे.

आमच्या भागातल्या बसमध्ये काय चढतं ते एकदा बघा. कारंज्याच्या बाजारातून घेतलेलं घमेलं, पुण्याला शिकणाऱ्या पोरासाठी तुरीच्या डाळीचा अर्धा कट्टा, लोणच्याची बरणी, वळकटी, रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला निघालेल्या माणसांची बोचकी. यातलं काहीच चौकोनी नाही. बहुतेक रॅक मात्र ऑफिसच्या बॅगेसाठी केल्यासारख्या: सपाट, गुळगुळीत, समोर नावापुरती एक नळी. तिच्यावर प्लास्टिकचं पोतं ठेवलं की गाडीच्या थरथरीनं ते बोटबोट पुढे येत राहतं.

पूर्वी याला टप होता. एसटीच्या मागे शिडी असायची, वर कॅरिअर. सायकल, पोती, ट्रंका सगळं वर जायचं. नव्या गाड्यांवर तो कॅरिअर दिसत नाही, आणि ते बरंच झालं. टपावर वजन चढलं की गाडी वळणावर कलते. पण कॅरिअर गेला म्हणून पोतं घरी राहिलं नाही. ते आत आलं. आतल्या रॅकचा विचार मात्र कोणी नव्यानं केलेला दिसत नाही. १ जून १९४८ रोजी पहिली एसटी पुणे–अहमदनगर धावली. १ जून २०२२ला त्याच मार्गावर विजेवरची 'शिवाई' सुटली. चर्चा झाली ती बॅटरीची आणि भाड्याची.

दुसरी गोष्ट उंचीची. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. बायका मोकळेपणानं फिरू लागल्या. आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची पाच फूट. टाचा उचलून, एका हातानं दांडी धरून, दुसऱ्या हातानं पिशवी वर ढकलणं ही सर्कस आहे. म्हणून दर फेरीला ऐकू येतं, "भाऊ, येवढं वरते ठेवून द्या बरं." भाऊ ठेवून देतो आणि आपल्या थांब्यावर उतरून जातो. काढायचं कोणी?

मला कोणी रॅक करायला सांगितली तर अशी करीन. खिडकीकडे उतार द्यायचा: फूटभर खोलीला दीड इंच पुरे, सामान आपसूक मागे टेकतं. पुढे चार बोटं उंचीची कड. तळ जाळीचा, म्हणजे राहिलेली पिशवी खालून दिसते. पुढच्या नळीला गोलाई, म्हणजे उभ्या माणसाला धरायलाही होते आणि डोकं आपटलं तरी फुटत नाही. आणि जड सामान वर चढवायचंच नाही. गावाकडच्या गाड्यांत दाराजवळची एक जोड-सीट काढून तिथे खाली कप्पा करायचा. दोन तिकिटं बुडतील, पण वाटेत ठेवलेल्या पोत्यावरून उड्या मारत चढणं-उतरणं थांबेल.

हे काही माझ्या डोक्यातलं नवल नाही. बसबांधणीच्या संयुक्त राष्ट्रांच्या १०७ क्रमांकाच्या नियमात स्पष्ट आहे की ब्रेक लागला किंवा गाडी वळली तरी रॅकवरून पडणाऱ्या वस्तूंपासून प्रवाशांचा बचाव झाला पाहिजे.

कोणी म्हणेल, वजन वाढेल, डिझेल जाईल. हिशेब सोपा आहे. २५ बाय ३ मिलिमीटरची लोखंडी पट्टी मीटरला ६०० ग्रॅम भरते. दोन्ही बाजू मिळून १८ मीटर धरली आणि तिला उभे तुकडे जोडले, तर १२ किलो.

दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या एसटीच्या कार्यशाळांत आणि खासगी बांधणीवाल्यांकडे माझ्याहून कितीतरी तरबेज हात आहेत. त्यांना एवढीच विनंती: नव्या गाडीचा नकाशा पक्का करण्याआधी नमुन्याची गाडी एकदा बाजाराच्या दिवशी आमच्या रस्त्यावर आणा. बॅगा नकोत, खरी बोचकी चढवा, आणि ती पाच फुटी बाईला चढवू द्या. चार बोटांची कड अख्ख्या बसला लावली तरी तिचं वजन माझ्या त्या पेटीपेक्षा एक किलोनं कमीच भरतं.