टेकडीवरील घर घेण्यापूर्वी

डोंगरावरील गावी घर घ्यावयाचे झाले की कुटुंबप्रमुख पावसाळ्यात जागा पाहून येतात व हिरव्या देखाव्यास भुलून विसार देऊन बसतात. तेथे नांदावयाचे मात्र बारा महिने असते.

धार जिल्ह्यातील मांडवगड सुमारे २००० फूट उंचीवर आहे. तेथील जहाज महाल मुंज व कपूर या दोन तलावांच्या मध्ये उभा आहे. पावसाचे पाणी साठविल्यावाचून त्या गडावर राजवैभवही टिकले नसते.

माळव्यातीलच, टेकडीच्या पायथ्याशी वसलेल्या देवासचे उदाहरण पाहा. क्षयाने आजारी असलेले गायक कुमार गंधर्व १९४८ साली कोरड्या हवेसाठी तेथे आले, बरे झाले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. त्याच देवासला १९९० साली पिण्याचे पाणी इंदूरहून रेल्वेगाडीने आणावे लागले. हवा चांगली म्हणून पाण्याची चिंता मिटत नाही.

यास्तव विसार देण्यापूर्वी वैशाखात एकदा तेथे जावे. विहिरीस किती पाणी उरले आहे ते स्वतः पाहावे, शेजाऱ्यांस विचारावे आणि घरच्या गृहिणीस सोबत न्यावे. भरला हंडा घेऊन तो चढ बहुधा तिलाच चढावा लागतो. घराची निवडही तिच्या संमतीनेच व्हावी.