सक्करदऱ्याचा काका

आमच्या गोतावळ्यात मला नावाने कोणी हाक मारीत नाही. मी 'सक्करदऱ्याचा काका', तशी ती 'महालातली आत्या'. घर बदलले तर माझे नाव काय राहील, हा प्रश्न मला गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या रात्री पडला, तो लिनक्सवाल्या संगणकामुळे.

मदरबोर्ड जळाला म्हणून नवा बसवला. संगणक सुरू झाला, इंटरनेट मात्र बंद! धाकटीच्या परीक्षेच्या अर्जाची सारी कागदपत्रे त्यातच, आणि मुदत रात्री बारापर्यंत. मी केबल बदलली, राऊटर दोनदा बंद करून पाहिला. शेवटी पुतण्याला बोलावले. त्याने 'आयपी लिंक' एवढीच आज्ञा दिली अन् हसला.

"काका, कार्ड ठणठणीत आहे. नाव बदललंय."

पूर्वी कार्ड सापडेल त्या क्रमाने 'ईटीएच०', 'ईटीएच१' अशी नावे पडत. दोन कार्डे असली की कधी अदलाबदलही होई. म्हणून २०१३ पासून जागेवरून नाव देण्याची रीत आली. 'ईएनपी२एस०' म्हणजे २ क्रमांकाच्या बसवरचे, शून्याव्या खाचेतले इथरनेट कार्ड. (बस म्हणजे बोर्डातला जोडमार्ग, आपली एसटी नव्हे.) नव्या बोर्डावर ते ३ क्रमांकाच्या बसवर गेले, सेटिंगच्या फाइलीत नाव जुनेच!

"मग कार्डाच्या मॅक पत्त्यालाच नाव बांध ना!"

"कार्ड बोर्डातच असतं, काका. बोर्डाबरोबर तो पत्ताही गेला."

अर्ज पावणेबाराला गेला.

"दोनाचे तीन केले, एवढेच?" मी विचारले.

"एवढंच," म्हणत त्याने चौथी चकली उचलली.